‘फास्ट’ : एक जुना इंग्रजी शब्द आणि त्याचे अनेक अर्थ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फास्ट लोकल, फास्ट बोलर, फास्टॅग, फास्टिंग शुगर, फास्ट कलर. हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. पण इंग्रजी वाचताना ‘फास्ट अस्लीप’ किंवा ‘स्टँड फास्ट’ असं काही समोर आलं की अडायला होतं. विद्यार्थी, शिक्षक, भाषांतर करणारे आणि कधीकधी लॅबचा रिपोर्ट हातात घेतलेले नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘फास्ट’चा मूळ अर्थ कोणता, जलद की घट्ट?

घट्ट. पक्का, रोवलेला, जागचा न हलणारा.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण पाचव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या इंग्रजीत, हा शब्द ‘फॅस्ट’ असा होता. भक्कम तटबंदी, नीट बंद केलेलं दार, आवळून बांधलेला दोर, शब्दाला जागणारा माणूस, या सगळ्यांना तो लागत असे. वेगाचा अर्थ बराच नंतर आला. आज आपल्याला वेग हा मुख्य अर्थ वाटतो आणि बाकीचे अपवाद वाटतात. इतिहास नेमका उलटा आहे. इंग्रजीच्या बहिणींनी, जर्मनने ‘फेस्ट’मध्ये आणि डचने ‘व्हास्ट’मध्ये, हा जुना घट्टपणाच सांभाळलाय.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत. कुठेही अडलं तर आधी ‘घट्ट’ हा अर्थ लावून बघावा.

२. घट्ट या अर्थाचा शब्द एकदम ‘जलद’ कसा झाला? हे तर उलटे अर्थ झाले!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळावं, कारण आपल्याकडेही असंच घडलंय. ‘दोरी जोरात धर’ आणि ‘जोरात पळ’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात जोरात म्हणजे घट्ट, दुसऱ्यात जोरात म्हणजे वेगाने. एकात हालचाल थांबवायची आहे, दुसऱ्यात वाढवायची आहे. तरी आपल्याला त्यात विरोध जाणवत नाही, कारण दोन्हीच्या मुळाशी लावलेला जोर एकच आहे.

‘फास्ट’चं तेच झालं. क्रियाविशेषण म्हणून त्याचं रूप ‘फॅस्टे’ होतं. घट्ट धरणं, नेटाने लढणं, जोर लावून ओढणं, अशा क्रियांबरोबर ते येई. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत तर ‘जोरात पिणं’ म्हणजे भरपूर दारू पिणं यासाठीही हाच शब्द चाले. आणि उत्तर व पूर्व इंग्लंडात स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती दाट होती, त्यामुळे त्यांच्या बोलीचा इंग्रजीवर दाब पडत होता. जोर लावून पळणारा माणूस आपोआप वेगाने पळतो. तेव्हा पळण्याच्या क्रियेबरोबर येता येता ‘जोराने’चं ‘वेगाने’ झालं. साधारण १२०० सालापासून हा अर्थ स्पष्ट दिसू लागतो.

इथे एक बारकावा आहे. वेगाचा अर्थ आधी क्रियाविशेषणात आला, विशेषणात नाही. ‘घोडा फास्ट धावतो’ हे आधी, ‘फास्ट घोडा’ त्यानंतर बऱ्याच काळाने, सोळाव्या शतकाच्या आसपास. अर्थ क्रियेतून वस्तूवर आला. हा क्रम लक्षात घेतला की उलटेपणाचं कोडं सुटतं, कारण घट्ट बसलेली एखादी वस्तू एका रात्रीत वेगवान झाली असं कधी घडलेलंच नाही.

आणखी एक स्पष्टीकरण दिलं जातं. ‘फास्ट बाय’ म्हणजे ‘अगदी लगत’ असा जुना प्रयोग आहे. मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यात सुरुवातीलाच मंदिरालगत वाहणाऱ्या ओढ्यासाठी तो आलाय. पाठलाग करणारा पुढच्याला चिकटून राहतो, म्हणून तो वेगवान, अशी ही मांडणी. मला पहिलं कारण मुख्य वाटतं आणि दुसरं त्याला हातभार लावणारं.

३. उपवास या अर्थाचा ‘फास्ट’ हा वेगळाच शब्द आहे का?

शब्दकोशात त्याची नोंद वेगळी असते, पण कुळ तेच. इंग्रजी आणि जर्मनच्या घराण्यातली गॉथिक ही फार जुनी भाषा. चौथ्या शतकातल्या तिच्या बायबल भाषांतरात ‘फास्तान’ हे क्रियापद धरून ठेवणं, पाळणं आणि उपवास करणं अशा सगळ्या अर्थांनी आलंय. नियम घट्ट धरायचा, त्यातून अन्नाचा नियम, त्यातून उपवास.

मराठीत हेच क्रियापद जिवंत आहे. आपण उपास ‘धरतो’, एकादशी ‘धरतो’, ‘श्रावणातले सोमवार धरलेत’ म्हणतो. आणि उपास जास्त काटेकोर असला की त्याला ‘कडक’ म्हणतो. धरणं आणि कडकपणा, दोन्ही आपल्या बोलण्यात आहेत.

जुन्या इंग्रजीत तर ‘फॅस्टेन’ या एकाच नामाचे दोन अर्थ होते, किल्ला आणि उपवास. एकात शत्रूला बाहेर ठेवायचं, दुसऱ्यात घासाला. (किल्ल्याच्या अर्थासाठी प्रश्न १३ पाहा.)

४. ‘ब्रेक द फास्ट’चं भाषांतर उपास मोडणं की सोडणं?

मराठीत हे दोन शब्द कधीच एकाच जागी वापरू नयेत. व्रत पूर्ण करून नेमल्या वेळी जेवलं तर उपास सोडला. मधेच चुकून किंवा मोहाने काही खाल्लं तर उपास मोडला. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद आहे, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याने आधी प्रसंग समजून घ्यायचा. रमजानमधला रोजा संध्याकाळी सोडतात. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात, त्याला पारणं म्हणतात.

राजकीय उपोषणातही हेच. येरवडा तुरुंगात गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ रोजी सुरू केलेलं उपोषण २६ सप्टेंबरला सोडलं. त्याआधी २४ तारखेला पुणे करार झाला होता. इंग्रजी मजकुरातलं ‘ब्रोक हिज फास्ट’ वाचून ‘उपोषण मोडलं’ असं लिहिलं तर सगळ्या घटनेचा अर्थ बदलतो. ‘फास्ट अन्टू डेथ’साठी ‘आमरण उपोषण’ हा शब्द मराठीत रुळलेला आहे, तोच वापरावा.

५. मग ‘ब्रेकफास्ट’मधला ‘फास्ट’ हाच का?

होय. रात्रभराचं उपाशीपण सोडणारं खाणं. शब्द पंधराव्या शतकातला. त्याआधी इंग्रजीत ‘मॉर्गनमेटे’, म्हणजे सकाळचं खाणं, असा सरळ शब्द होता. जोडशब्द होताना उच्चार दबला आणि ‘ब्रेकफस्ट’ झाला, त्यामुळे आतला उपास ऐकू येत नाही.

गंमत अशी की ‘डिनर’ या शब्दाच्या मुळाशीही उपास सोडणंच आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ तोच. दिवसातलं पहिलं मोठं जेवण सरकत सरकत रात्रीवर गेलं आणि शब्दही त्याच्याबरोबर गेला.

६. लॅबच्या कागदावरचं ‘फास्टिंग’ म्हणजे नेमकं काय? चहा चालतो का?

हे प्रश्न ३ मधलं उपाशी राहणं. साखरेच्या ‘फास्टिंग’ तपासणीसाठी निदान आठ तास काही खायचं नसतं. साधं पाणी चालतं. चहा, मग तो बिनसाखरेचा असला तरी, घेऊ नये असंच सांगतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘माझं फास्टिंग आहे’ म्हणत रक्त द्यायला जाणारी मंडळी असतात. आपला उपास आणि लॅबचं फास्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅबला पोट रिकामं हवं असतं. मराठीत ‘उपाशीपोटी’ म्हटलं की घोटाळा होत नाही.

७. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे पटकन झोपलेला का?

नाही. गाढ झोपलेला, झोपेत घट्ट रुतलेला. किती वेळात झोप लागली याच्याशी संबंध नाही. इंग्रजी भाषकाला इथे ‘फास्ट’चा वेग जाणवतही नाही, इतका हा जोड जुना आहे.

८. कापड दुकानदार ‘फास्ट कलर आहे’ म्हणतात. रंग फास्ट असेल तर तो पटकन जाईल ना?

उलट. तो जाणार नाही. रंग धाग्याला घट्ट धरून बसलाय असा त्याचा अर्थ, म्हणजे आपला ‘पक्का रंग’. सतराव्या शतकापासून इंग्रजीत रंगासाठी हा शब्द आहे.

वस्त्रोद्योगात हा शब्द नुसता जाहिरातीचा नाही, त्याच्या मोजपट्ट्या आहेत. धुण्याने किंवा घासण्याने रंग किती उतरला हे करड्या छटांच्या पट्टीशी ताडून १ ते ५ असा दर्जा देतात, ५ म्हणजे सर्वांत पक्का. उन्हाने रंग किती विटतो हे बघायला निळ्या लोकरीच्या पट्ट्या असतात, तिथे दर्जा १ ते ८. एकच कापड धुण्याला पक्कं आणि उन्हाला कच्चं असू शकतं. म्हणून ‘फास्ट आहे’ असं कुणी म्हटलं तर ‘कशाला फास्ट?’ हे विचारावं. पाण्याला, घामाला, उन्हाला की घासण्याला?

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक चाचणी आहे. पांढरा सुती रुमाल ओला करून, पिळून, कापडाच्या आतल्या बाजूच्या शिवणीवर आठ-दहा वेळा दाबून घासायचा. गडद लाल आणि काळ्या कापडावर ही चाचणी करावीच. रुमालावर रंग उतरला तर पहिल्या धुण्यात बाकीचे कपडे वेगळे ठेवावेत.

मिठाईच्या वेष्टनावर ‘फास्ट ग्रीन एफसीएफ’ असं नाव दिसतं. तेही याच घरातलं, रंगद्रव्यांच्या नावांतून आलेलं.

९. रिपोर्टवर ‘ॲसिड फास्ट बॅसिलाय’ लिहिलंय. म्हणजे आजार वेगाने पसरतोय का?

नाही. इथल्या ‘फास्ट’चा वेगाशी काहीही संबंध नाही. प्रश्न ८ मधला पक्का रंगच इथे आहे.

थुंकीचा, म्हणजे बेडक्याचा, पातळ थर काचेच्या पट्टीवर पसरतात. त्यावर लाल रंगाचं द्रावण घालून काच तापवतात. मग ती आम्लाने धुतात. बहुतेक जंतूंचा लाल रंग आम्लाने निघून जातो. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे एकदा आत गेलेला रंग आम्लानेही सुटत नाही. शेवटी निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या तर त्या ‘ॲसिड फास्ट’, म्हणजे आम्लाला दाद न देणाऱ्या. पाउल एर्लिक यांनी १८८२ मध्ये हा गुण ओळखला. त्याच वर्षी २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. झील आणि नील्सन यांनी पद्धत सुधारली, म्हणून कागदावर ‘झेड-एन स्टेन’ असंही लिहिलेलं असतं.

कागदावरचे १+, २+, ३+ हे आकडे काचेवर किती जंतू दिसले ते सांगतात, ते किती वेगाने वाढतायत ते नाही. जंतू दिसले नाहीत म्हणजे क्षय नाहीच, असंही ठरत नाही. कुष्ठरोगाचा जंतूही याच गटातला, आणि या गटातले इतर काही जंतूही काचेवर असेच दिसतात. म्हणून कागदावरून घरीच निष्कर्ष न काढता तो डॉक्टरांना दाखवावा. सरकारी केंद्रात क्षयाचे उपचार मोफत मिळतात.

एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावून एखाद्या घराची रात्र झोपेविना जाते, म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर दिलंय.

१०. ‘फास्टली’ हा शब्द का चालत नाही?

कारण ‘फास्ट’ हेच क्रियाविशेषणही आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ लावून क्रियाविशेषण होई: ‘फॅस्ट’चं ‘फॅस्टे’. मधल्या काळात शब्दांच्या शेवटचे असे स्वर झडले आणि दोन्ही रूपं एकसारखी झाली. ‘हार्ड’चंही असंच झालं. ‘ली’ लावलेलं रूप एकेकाळी होतं, पण त्याचा अर्थ ‘घट्टपणे’ असा होता आणि ते मागे पडलं. परीक्षेत ‘ही रन्स फास्ट’ असंच लिहावं.

११. ‘होल्ड फास्ट’, ‘हार्ड अँड फास्ट रूल’, ‘मेक फास्ट’ हे सगळे जहाजावरचे शब्द आहेत का?

सगळे नाहीत, पण समुद्राने या शब्दाचा जुना अर्थ जपला हे खरं. जहाजावर दोर सुटला तर जीव जातो, तेव्हा ‘घट्ट’साठीचा शब्द तिथे सहजी बदलत नाही. ‘मेक फास्ट’ म्हणजे दोर आवळून बांध. धक्क्याला जहाज बांधायच्या दोरालाच ‘फास्ट’ म्हणत. जहाज वाळूत रुतून बसलं की ते ‘हार्ड अँड फास्ट’. एकोणिसाव्या शतकात हा प्रयोग जमिनीवर आला आणि न वाकणाऱ्या नियमाला लागला. खलाश्यांची ‘अव्हास्ट’ ही थांबण्याची आरोळी डच ‘हाउड व्हास्ट’वरून, म्हणजे ‘घट्ट धर’वरून आलेली.

‘होल्डफास्ट’ हे सुताराच्या बाकावर लाकूड दाबून धरणाऱ्या लोखंडी आकड्याचंही नाव आहे. समुद्री शेवाळ खडकाला ज्या मुळासारख्या भागाने धरून राहतं, त्यालाही जीवशास्त्रात हेच नाव.

१२. ‘स्टेडफास्ट’ आणि ‘शेमफेस्ड’ यांचा संबंध असल्याचं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि दुसऱ्या शब्दाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

जुन्या इंग्रजीत ‘फॅस्ट’ शेवटी जोडून गुण सांगत. ‘सोथफॅस्ट’ म्हणजे सत्याला धरून राहणारा. ‘स्टेडेफॅस्ट’मधला ‘स्टेडे’ म्हणजे जागा, तेव्हा जागा न सोडणारा. ९९१ साली एसेक्स किनाऱ्यावर माल्डनजवळ व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरच्या जुन्या काव्यात इंग्रज सैनिक जागेवर पाय रोवून उभे राहिले, त्या ओळीत हाच शब्द आहे. तो आजही जवळजवळ तसाच चालतो.

‘शॅमफॅस्ट’ म्हणजे लाजेने बांधलेला, मर्यादशील. ही स्तुती होती. पुढे ‘फास्ट’चा घट्टपणा लोकांच्या मनातून पुसट झाला. लाज चेहऱ्यावर दिसते, तेव्हा हा शब्द चेहऱ्याचाच असणार अशी समजूत होऊन सोळाव्या शतकापासून ‘शेमफेस्ड’ असं रूप दिसू लागलं. १६११ च्या इंग्रजी बायबलात जुनं रूप होतं, नंतरच्या छपायांत नवं आलं. त्याबरोबर अर्थही घसरला. विनयशील असलेला माणूस खजील झाला.

१३. जुन्या इंग्रजी पुस्तकांत डोंगरांच्या वर्णनात ‘फास्टनेस’ येतं. ते काय?

दुर्गम, सहज न जिंकता येणारी जागा. प्रश्न ३ मधल्या ‘फॅस्टेन’ची ही जवळची नातलग. इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांबद्दल लिहिताना हा शब्द वापरलाय. तिथे ‘वेग’ असं भाषांतर करणं म्हणजे रायगडाला पाय फोडणं. ‘दुर्ग’ हा आपला शब्द त्याला चपखल बसतो, कारण जायला अवघड हाच त्याचाही अर्थ. कापडाच्या संदर्भात मात्र ‘फास्टनेस’ म्हणजे रंगाचा पक्केपणा (प्रश्न ८).

१४. ‘प्ले फास्ट अँड लूज’ आणि ‘फास्ट’ मुलगी, यांत फास्टचा अर्थ एकच आहे का?

नाही, आणि इथे मोठी गफलत होते.

‘फास्ट अँड लूज’ हा जत्रेतला फसवणुकीचा खेळ होता. चामड्याचा पट्टा टेबलावर गुंडाळून ठेवायचा. गिऱ्हाइकाने काडी खुपसून तो टेबलाला अडकवायचा. तो ‘फास्ट’, म्हणजे अडकला, अशी पैज लावली की खेळ दाखवणारा पट्टा ओढून मोकळा करी. शेक्सपिअरच्या अँटनीला क्लिओपात्राने फसवल्यासारखं वाटतं, तेव्हा तो याच खेळाचं नाव घेतो. आज या प्रयोगाचा अर्थ शब्द फिरवणं, दुटप्पी वागणं.

माणसाला लावलेला ‘फास्ट’ हा वेगाच्या अर्थातून, अठराव्या शतकात आला. चैनीचं, बेबंद जगणारा असा त्याचा रोख. तेव्हा एकाच शब्दाचा मूळ अर्थ बांधलेला आणि हा अर्थ सुटलेला. मराठी बोलण्यातही ‘ती जरा फास्ट आहे’ असं कुजबुजत म्हणतात. हे वाक्य मुलांपेक्षा मुलींबद्दल जास्त बोललं जातं, आणि त्यात तिच्या चारित्र्यावर शेरा असतो. भाषांतर करताना ‘चपळ’ लिहून तो शेरा झाकू नये. स्वतः बोलताना तो मारूही नये.

१५. फास्ट लोकल खरंच जास्त वेगाने धावते का?

इथला ‘फास्ट’ थांब्यांबद्दल आहे. मधली स्टेशनं सोडून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी थांबत गेली की एकूण वेळ वाचतो. तीच गाडी स्लो म्हणून सोडली तर प्रत्येक स्टेशनवर थांबेल. म्हणजे वेग गाडीत नाही, वेळापत्रकात आहे.

१६. वेगाचा अर्थ वाटतो पण तो निराळ्याच गोष्टीचा असतो, असे आणखी प्रयोग आहेत का?

आहेत. फोटोग्राफीत ‘फास्ट लेन्स’ म्हणजे मोठं छिद्र असलेली लेन्स. ती जास्त प्रकाश आत घेते, म्हणून शटर कमी वेळ उघडावं लागतं. लेन्स स्वतः काहीच भरभर करत नाही.

‘फास्ट ब्रीडर’ अणुभट्टीबद्दल तर नेहमी गैरसमज होतो. भट्टी इंधन झटपट निर्माण करते म्हणून ती फास्ट, असं नाही. साध्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग मुद्दाम कमी करतात, या भट्टीत तो कमी करत नाहीत. फास्ट असतात ते न्यूट्रॉन. कल्पाक्कमची चाचणी भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली ती याच प्रकारची.

आणि ‘फास्ट आइस’. ध्रुवप्रदेशातला समुद्री बर्फ दोन प्रकारचा, वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहणारा आणि किनाऱ्याला धरून राहणारा. यातला न हलणारा तो फास्ट. एम्परर पेंग्विन मुख्यतः याच बर्फावर पिल्लं वाढवतात, कारण पिल्लं मोठी होईपर्यंत पायाखालचा बर्फ जागेवर राहायला हवा. एखाद्या माहितीपटाच्या उपशीर्षकात ‘वेगवान बर्फ’ असं दिसलं तर वर्णन नेमकं उलटं झालंय.

१७. ‘द बोट इज फास्ट’ या वाक्यात होडी वेगवान की बांधलेली? कसं ठरवायचं?

या वाक्यावरून ठरत नाही, मागचंपुढचं वाचावंच लागतं. पण बहुतेक ठिकाणी क्रियापद वाट दाखवतं. धरणं, उभं राहणं, चिकटणं, अडकणं, बांधणं यांच्याबरोबर आला तर घट्ट. जाणं, धावणं, बोलणं, वाढणं यांच्याबरोबर आला तर जलद. ‘मेड फास्ट’ असेल तर होडी बांधलेलीच. दार किंवा खिडकी ‘फास्ट’ असेल तर ती बंद आहे. मैत्री ‘फास्ट’ असेल तर ती पक्की, झटपट जुळलेली नव्हे. घड्याळ ‘फास्ट’ असेल तर ते पुढे आहे.

१८. फास्टॅग काचेला चिकटवतात. मग त्यातला ‘फास्ट’ घट्टचा का?

नाव वेगावरून दिलंय, टोलनाक्यावर थांबावं लागू नये म्हणून. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर सक्तीचा झाला. सीटबेल्ट लावायला सांगताना येणारं ‘फासन’ मात्र घट्टचंच. त्यातला ‘ट’ लिहितात पण उच्चारत नाहीत.

१९. जर्मन शिकताना ‘फास्ट’ म्हणजे ‘जवळजवळ’ असं सांगितलं. हा तोच शब्द?

मूळ तेच. घट्ट, मग लगत, मग जवळजवळ, असा तिथला प्रवास (‘लगत’साठी प्रश्न २ पाहा). जर्मनमध्ये ‘फास्ट फेर्टिश’ म्हटलं तर काम जवळपास संपलंय, पटकन संपलंय असं नव्हे. पुण्यात जर्मन शिकणारे बरेच आहेत, त्यांना पहिल्या वर्षात हा शब्द हमखास चकवतो. उपवासाचं ‘फास्टन’ हे जर्मन क्रियापद मात्र इंग्रजीसारखंच आहे.

२०. संस्कृतात याचा कुणी भाऊबंद आहे का?

वेदातल्या ‘पस्त्य’, ‘पस्त्या’ या शब्दांशी काही व्युत्पत्तिशास्त्रज्ञ नातं जोडतात. अर्थ घर, वस्तीची जागा. मूळच्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, पितृ-फादर, पद-फुट यांसारखा, त्यामुळे ध्वनीच्या बाजूने जोड बसतो. स्थिर जागा म्हणजे घर, ही अर्थाची बाजूही पटण्यासारखी आहे. तरी याला सूचना म्हणावं, सिद्धान्त नव्हे. ‘उपवास’शी मात्र याचा काही संबंध नाही. तो शब्द ‘वस्’, म्हणजे राहणं, या धातूपासून आलाय.

२१. ‘फीस्ट’, ‘व्हास्ट’, ‘फास्टिडियस’ आणि बेलफास्ट शहर, हे सगळे याच कुटुंबातले का?

एकही नाही. ‘फीस्ट’, म्हणजे मेजवानी, लॅटिनमधल्या सणाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. उपास आणि मेजवानी यांचे शब्द सारखे दिसतात तो योगायोग. जर्मन ‘फेस्ट’चे दोन अर्थ आहेत, त्यातला सणाचा अर्थ या लॅटिन शब्दाचा आणि घट्टचा अर्थ आपल्या शब्दाचा. विशाल या अर्थाचा इंग्रजी ‘व्हास्ट’ आणि चोखंदळ या अर्थाचा ‘फास्टिडियस’ हे दोन्ही लॅटिन, वेगवेगळ्या मुळांचे. बेलफास्ट आयरिश आहे. त्यातला ‘बेल’ म्हणजे नदीचं मुख, आणि उरलेला भाग नदीतल्या वाळूच्या उथळ पट्ट्याच्या शब्दावरून आलेला.